नाव, गाव, घर

श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनची वाटचाल आणि आपल्या परळीपुढचे काम

परळीच्या वैद्यनाथाला हात लावता येतो. गाभाऱ्यात जाऊन पिंडीवर डोके टेकवता येते. गावात सांगतात ती कथा अशी : समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी विष्णूने या लिंगात लपवले. दैत्य हात घालायला गेले तेव्हा ज्वाळा उठल्या, भक्तांनी स्पर्श केला तेव्हा अमृत पाझरले. म्हणून इथे स्पर्शदर्शन आणि म्हणून हा देव वैद्यांचा नाथ. औषध आणि स्पर्श या गावाने पूर्वीपासून एकाच ठिकाणी मानले आहेत.

याच गावात स्टेशनवर, बसस्थानकाच्या कोपऱ्यात, मोंढ्याच्या कडेला अधूनमधून एखादा माणूस दिसतो. केसांच्या जटा झालेल्या, भर उन्हाळ्यात अंगावर तीन-तीन शर्ट, हातात चिंध्यांचे गाठोडे. कुणी त्याच्यापुढे भाकरी ठेवते, कुणी चहा देते. हात मात्र कुणी लावत नाही. परभणीकडून आणि लातूर रोडकडून येणारे लोहमार्ग परळीत मिळतात आणि काही गाड्यांचा शेवटचा थांबा परळीच असतो. गाडी पुढे जात नाही म्हणून तो उतरतो. तो कुठला, त्याचे नाव काय, घरी कोण वाट पाहते, हे त्याला सांगता येत नाही आणि आपण विचारत नाही.

या स्मरणिकेत एका परगावच्या संस्थेचा इतिहास देण्याचे कारण हेच आहे. प्रश्न आपल्या फलाटावर बसलेला आहे. त्याचे एक उत्तर मुंबईत सुरू झाले आणि कर्जतला वाढले.

करवंटीतले पाणी

सन १९८८. मुंबईच्या बोरिवली भागात डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याचा व्यवसाय नुकता उभा राहत होता. एके दिवशी दोघे एका हॉटेलात बसले असताना समोर रस्त्याकडेला एक हडकुळा तरुण दिसला. नारळाच्या करवंटीने तो गटारातले पाणी उपसून पीत होता. येणारे-जाणारे बाजूने निघून जात होते. दोघांनी त्याला उचलून आपल्या दवाखान्यात आणले, आंघोळ घातली, उपचार सुरू केले.

आजार होता स्किझोफ्रेनिया. औषध लागू पडले तसा तो बोलू लागला आणि एकेक गोष्ट उलगडत गेली. तो बी.एस्सी. झालेला होता, वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका त्याच्याकडे होती आणि वडील आंध्र प्रदेशात जिल्हा परिषदेत अधीक्षक होते. घरी निरोप गेला. मुलगा हाती लागला, घरी परतला.

संस्थेचा सगळा पुढचा विचार या एका प्रसंगात आहे. रस्त्यावरच्या ज्या माणसाला आपण 'वेडा' म्हणून सोडून देतो, त्याला आधी घर होते. आजाराने त्याची वाट चुकवली. आजार आटोक्यात आला तर वाट पुन्हा सापडू शकते. त्याच वर्षी 'श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन' स्थापन झाली. सुरुवातीची जागा जेमतेम दोन-तीन रुग्णांची सोय होईल एवढीच होती. दिवसा स्वतःची प्रॅक्टिस चालवायची आणि त्या कमाईतून रस्त्यावरच्या रुग्णांचा खर्च भागवायचा, अशी पहिली काही वर्षे गेली.

दहिसर : चित्रे आणि शेजारी

संस्थेच्या हाती पुढे असाच एक रुग्ण लागला. एकेकाळी तो सर ज. जी. कला महाविद्यालयात अध्यापक होता. ज्या हातांनी विद्यार्थ्यांना रेषा शिकवली, ते हात रस्त्यावर आले होते. तो बरा होऊ लागल्याची बातमी मुंबईच्या कलावर्तुळात पसरली आणि चित्रकार मंडळी पुढे आली. १४१ कलावंतांनी आपली चित्रे संस्थेसाठी दिली. त्या प्रदर्शनातून मिळालेल्या पैशांचा दहिसरच्या उभारणीला मोठा आधार झाला आणि १९९७ मध्ये तिथे वीस खाटांचे केंद्र उभे राहिले.

पैसे मिळाले तरी शेजार मिळाला नाही. मनोरुग्णांचे केंद्र आपल्या वस्तीत नको म्हणून आसपासच्या रहिवाशांनी विरोध केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल संस्थेच्या बाजूने लागला. हा प्रसंग दोन ओळींत आटोपण्यासारखा नाही, कारण मनोरुग्णांसाठी घर बांधू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेला तो कुठल्या ना कुठल्या रूपात भोगावा लागतो. भीती खरी असते, तिच्यामागची माहिती बहुधा खोटी असते. उपचार चालू असलेला रुग्ण हा शेजाऱ्याला धोका असतो, ही समजूत गावोगावी पक्की आहे. उपचाराविना रस्त्यावर पडलेला रुग्ण मात्र आपल्या नजरेला इतका सवयीचा झालेला असतो की त्याची भीतीही वाटत नाही आणि कीवही येत नाही.

कर्जत

वीस खाटा कमी पडू लागल्या. डॉ. वाटवानी दांपत्य बाबा आमटे यांना भेटले. कुष्ठरोगाने समाजाबाहेर फेकलेल्या माणसांचे 'आनंदवन' हे गाव वरोऱ्याला वसवणाऱ्या बाबांनी या कामाला मोठ्या जागेत नेण्याचे बळ दिले. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ वेणगाव येथे सुमारे साडेसहा एकर जागेत नवे केंद्र २००६ मध्ये सुरू झाले. तिथे एका वेळी शंभराहून अधिक रुग्ण राहू शकतात.

आनंदवन आणि कर्जत यांत एक फरक आहे. आनंदवन हे राहण्याचे गाव झाले, कारण कुष्ठरुग्णाला घरी परत घेणारे घरच उरलेले नव्हते. कर्जत हा मुक्काम आहे. येणाऱ्याने इथून निघून आपल्या घरी जावे, हाच त्याचा हेतू. रुग्ण तिथे साधारण दोन महिने राहतो.

कामाची रीत

श्रद्धाचे काम कसे चालते हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्यात गूढ काही नाही. कुठलेही गाव ते समजून घेऊ शकते.

रस्त्यावरून माणूस आणला की पहिले दिवस मनाचे नसतातच, शरीराचे असतात. आंघोळ, केस कापणे, नखे, जखमा धुणे, पोटभर जेवण, झोप. वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेल्या माणसाच्या अंगात रक्त कमी असते, कातडीचे विकार असतात, कधी क्षयही निघतो. त्यासोबत मनोविकाराची औषधे सुरू होतात. काही आठवड्यांत झोप लागते, कानातले आवाज मंदावतात, संशय ओसरतो. मग एक दिवस तो नाव सांगतो.

नावानंतर गाव. हे सोपे वाटते, पण एका नावाची दहा गावे असतात आणि गावाचा उच्चार त्याच्या बोलीतला असतो. म्हणून संस्थेतले सामाजिक कार्यकर्ते निरनिराळ्या प्रांतांतले, निरनिराळ्या भाषा बोलणारे आहेत. बंगालीत बोलल्यावर जो माणूस तोंड उघडतो, तो हिंदीत आठ दिवस गप्प बसलेला असू शकतो. जवळचे स्टेशन कोणते, बाजार कोणत्या वारी भरतो, गावात देऊळ कुणाचे, अशा प्रश्नांतून पत्ता जुळवत न्यायचा. मग कार्यकर्त्याने त्याला सोबत घेऊन रेल्वेने निघायचे, शेवटी बस, रिक्षा किंवा पायी त्याच्या उंबऱ्यापर्यंत जायचे. कित्येक घरांत तोपर्यंत त्याला मेलेला धरून झालेले असते.

उंबऱ्यावर काम संपत नाही. आजार काय आहे, गोळी का बंद करायची नाही, पुन्हा त्रास सुरू झाल्याची पहिली लक्षणे कोणती, हे घरच्यांना समजावून सांगायचे आणि पुढची औषधे मोफत घरपोच पाठवायची. इतिहासात पुरस्कारांच्या तारखा येतात, या औषधांच्या पाकिटांची नोंद होत नाही. पण संस्थेचा खरा कणा तीच पाकिटे आहेत.

२०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार डॉ. भरत वाटवानी यांना मिळाला. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत लडाखचे सोनम वांगचुक हेही होते. तोवर संस्थेने घरी पोहोचवलेल्या रुग्णांची संख्या सात हजारांच्या पुढे गेली होती. बाबा आमटे यांना हाच पुरस्कार १९८५ मध्ये आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ मध्ये मिळाला होता.

घर जिथे संपते

श्रद्धाची रीत एका गृहीतावर उभी आहे : घर आहे आणि ते दार उघडेल. बहुतेक वेळा ते खरे ठरते. पण सगळ्याच वेळा नाही. आईवडील गेलेले असतात. भावांनी वाटण्या करून घेतलेल्या असतात. बाई असेल तर नवऱ्याने दुसरे लग्न केलेले असते आणि माहेर म्हणते, 'ती आता आमची नाही.' गोळ्यांनी बरी झालेली बाई मग जाणार कुठे?

आपल्याकडे याचे जुने उत्तर मनोरुग्णालय हे होते. राज्यात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मराठवाड्यातल्या रुग्णाच्या घरच्यांना बहुधा येरवड्याची वाट धरावी लागली. एकदा पेशंट आत गेला की दर महिन्याची भेट दर वर्षाची होते, मग पत्र येणेही बंद होते. माणूस बरा होतो आणि तरीही तिथेच राहतो. हंस फाउंडेशनने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी झाली. तिथल्या रुग्णांपैकी ३६.२५ टक्के जण एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ आत होते.

दुसरे जुने उत्तर तीर्थक्षेत्र हे होते. तमिळनाडूतल्या एरवाडीच्या दर्ग्याजवळ गुण येईल या आशेने आणलेल्या रुग्णांना खासगी आश्रमांतून साखळदंडांनी बांधून ठेवत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशा एका आश्रमाला आग लागली. साखळ्यांमुळे पळता न आल्याने २८ जण गेले. यात्रेच्या गावांनी हा दिवस लक्षात ठेवला पाहिजे. देवाच्या दारी रुग्ण आणणाऱ्यांची श्रद्धा खोटी नसते. त्यांना दुसरे दार माहीत नसते.

यानंतर कायदा बदलत गेला. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा पुढच्या वर्षी लागू झाला. त्याच्या कलम १९ चा आशय असा : घरचे घेत नाहीत, घरच नाही किंवा समाजात राहण्याची सोय नाही, एवढ्याच कारणासाठी कुणालाही मनोरुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. समाजात राहणे हा त्याचा हक्क आहे. कलम १८ ने अर्धवाट निवास, आश्रित निवास आणि आधारासह निवास अशा सोयी उभारण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. तरी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला महाराष्ट्र सरकारला बजावावे लागले की बऱ्या झालेल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवणे थांबवा. एक भिंत सोडून दुसऱ्या भिंतीत नेणे म्हणजे घर देणे नव्हे.

भाड्याचे साधे घर

मग घर म्हणजे नेमके काय? वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या चेन्नईच्या 'द बनियन' या संस्थेने याचे सर्वांत साधे उत्तर शोधले. २०१५ पासून त्यांच्या 'होम अगेन' उपक्रमात चार-पाच जणी मिळून एखाद्या नेहमीच्या वस्तीत, गावात भाड्याचे घर घेऊन राहतात. सोबत कुणी राहायचे ते बहुतांशी त्याच ठरवतात. मदतीला एक साहाय्यिका असते. ती परिचारिका नाही आणि पहारेकरीही नाही. गोळी घेतली का विचारणारी, डॉक्टरकडे सोबत जाणारी, कुणाची झोप उडाली तर पहिल्यांदा ओळखणारी. स्वयंपाक काय करायचा, बाजारात कधी जायचे, सण कसा करायचा, हे घर ठरवते. हा उपक्रम पुढे इतर राज्यांत आणि आपल्या रत्नागिरीतही आला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या आपल्या मार्गदर्शिकेत आधारासह निवासाच्या चांगल्या उदाहरणांत त्याचा समावेश केला.

परळीला अधिक जवळचे उदाहरण शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. शिंगवे येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्याची 'माउली सेवा प्रतिष्ठान' रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आणि त्यांच्या मुलांना कायमचे घर देते. कर्जतची वाट घराकडे जाते. शिंगव्याला ती वाट बंद झालेल्या बायकांचेच घर झाले आहे. दोन्ही लागतात.

आणि ज्यांचा रुग्ण घरातच आहे, त्या कुटुंबांचे काय? पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन अशा कुटुंबांची आहे. तिच्या उभारणीमागे कॅनडातल्या कॅल्गरी येथे प्राध्यापक असलेले मूळ धुळ्याचे डॉ. जगन्नाथ वाणी होते. त्यांच्या पत्नीला हा आजार होता. २००४ चा 'देवराई' हा मराठी चित्रपटही त्यांच्याच पुढाकारातून आला. स्किझोफ्रेनिया हा शब्द अनेक मराठी घरांत पहिल्यांदा त्या चित्रपटाने नेला.

यात्रेचे दुसरे गाव

बेल्जियममध्ये गील नावाचे गाव आहे. मनोरुग्णांची रक्षणकर्ती मानलेल्या संत डिंफनाच्या दर्शनाला मध्ययुगापासून तिथे रुग्ण आणले जात. देवळात जागा पुरेना तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घ्यायला सुरुवात केली. शेतकऱ्याच्या घरात एक माणूस वाढला, तो शेतात जमेल तेवढे काम करू लागला, जेवणाला पंगतीत बसू लागला. शेकडो वर्षे ही रीत टिकली. १९३० च्या दशकात गावात असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे राहत होते. त्याआधीच या रीतीला सरकारी वैद्यकीय देखरेखही जोडली गेली होती.

गील श्रीमंत नव्हते. त्याच्याकडे देऊळ होते, यात्रा होती आणि येणाऱ्याला घरात घेण्याची सवय होती. त्यातल्या दोन गोष्टी परळीकडे आहेतच.

परळीपुढचे काम

अंदाजासाठी एक आकडा. बारा राज्यांत झालेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांतले तीव्र मनोविकाराचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळले. २०११ च्या जनगणनेत परळीची लोकसंख्या नव्वद हजारांच्या घरात होती. प्रौढ तेवढे धरले तरी शहरात अशी चारशेच्या आसपास माणसे असावीत. रस्त्यावर दिसतात ती बोटांवर मोजण्याइतकी. उरलेली आपल्या घरांत आहेत, मागच्या खोलीत आहेत, देवऋष्याकडच्या रांगेत आहेत.

बीड जिल्ह्यात त्यात ऊसतोडीची भर पडते. उचल घेतलेला कोयता, म्हणजे ऊसतोड करणारे जोडपे, दिवाळीच्या सुमारास निघतो आणि कारखाने बंद होईपर्यंत परततच नाही. नवरा-बायको दोघे फडावर असतात आणि आजारी दीर किंवा सासू गावात म्हाताऱ्यांच्या भरवशावर. सहा महिन्यांत गोळ्या कुणी आणायच्या? एकदा गोळी तुटली की आजार उलटतो आणि माणूस घराबाहेर पडतो. श्रद्धाचे पाकीट इथे काय काम करते ते बीडच्या माणसाला वेगळे समजावून सांगायला नको.

सुरुवात करायला नवे काही शोधायचे नाही. रस्त्यावर फिरणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेण्याची जबाबदारी मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० ने पोलिसांवर टाकली आहे. तो बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोधही घ्यायचा आहे. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय बसने तासाभरावर आहे. सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून चालू आहे. एवढ्यावर नाव आणि गाव या दोन गोष्टी मिळू शकतात.

तिसरी गोष्ट गावानेच द्यायची आहे. थर्मलमुळे, म्हणजे इथल्या औष्णिक वीज केंद्रामुळे, बाहेरगावच्या माणसांना खोल्या भाड्याने देण्याची या गावाला अर्ध्या शतकाची सवय आहे. कुणाची जात, गाव, नोकरी काय, हे विचारून का होईना, परळीने हजारो परक्यांना आपल्या वाड्यांत सामावून घेतले. आता कुणी कार्यकर्ता चार बऱ्या झालेल्या माणसांसाठी दोन खोल्या बघायला येईल, तेव्हा घरमालक नेहमीचाच प्रश्न विचारील : राहणार कोण?

उत्तर तयार असू द्यावे. चौघे जण. सोबत मदतीला एक माणूस. गोळ्या वेळेवर घेतात. भाडे पाच तारखेच्या आत मिळेल.